बुडावरचं नाव

नेमिनाथ शेटनं सांगलीहून आणलेली जपानी बाहुली गुंडा कातारी उलटसुलट करून बघत होता. होती लाकडाचीच. हात नाहीत, पाय नाहीत, नुसतं धड आणि वर गोल डोकं.

“अशा पन्नास पायजेत. पुण्यात प्रदर्शनाला मांडायच्यात,” शेट म्हणाला. “आन हितं बुडावर बगा, करणाराचं नाव हाय. तसं तुमचं बी घाला.”

पहिली बाहुली उतरली, तशी गुंडानं तिच्या बुडावर ऐटीत आपलं नाव घातलं.

समोर दोरी धरून बसलेल्या धाकट्या आकारामच्या डोक्यात सणक गेली. कातायचं तर एकानं दोरी ओढून लाकूड फिरवायचं, दुसऱ्यानं त्यावर पटाशी धरायची. बावीस वर्षं दोरी त्याच्याच हातात होती. दोन वर्षांमागं, बहात्तरच्या दुष्काळात, भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या, बोलणं बंद झालं, पण धंदा काही एकट्यानं होईना. मग लागेल ते दोघं लाकडाला सांगत.

“बाहुले, इचार त्याला, माजं नाव कुटाय?”

“बाहुले, सांग त्याला, दोरी वडणाऱ्याचं नाव नसतंय. मोटंचा बैल बी वडतोयच की.”

आकारामनं दोरी टाकली. “मग वड म्हणावं तूच!”

दोन दिवस गुंडानं हट्टानं एका हातानं दोरी आणि दुसऱ्यानं पटाशी चालवून पाहिली. डोकं काही गोल होईना. सात लाकडं चुलीत गेली. आकाराम उंबऱ्यावर तंबाखू मळत बघत होता आणि त्याला अगदी गोड वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुंडानं ती पहिली बाहुली घेतली, पटाशीनं बुडावरचं नाव खरवडून काढलं आणि आकारामपुढं आपटली.

“बाहुले, सांग त्याला. आता कुणाचंच न्हाई. बस म्हणावं.”

आपलं नाव मागायचं आकारामच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण भावाचं गेलं, एवढ्यावरच त्याचं पोट भरलं. त्यानं दोरी धरली.

पन्नास बाहुल्या झाल्या. शेटनं एकेक उलटी करून पाहिली.

“आवं, नाव कुटाय? लोक इचारतील. कुणी केल्या म्हणून सांगू?”

“जपान्यांनी,” गुंडा म्हणाला.

आकारामनं मान डोलावली. दोन वर्षांत भावाच्या बोलण्याला तो पहिल्यांदाच होकार देत होता.

“व्हय शेट. जपान्यांनीच.”