कपाटाचं कुलूप

प्रश्नपत्रिका फुटू नये म्हणून गणित स्पर्धेच्या अध्यक्षांनी कपाटाला आकड्यांचं कुलूप लावलं. आकडा लिहून ठेवणं धोक्याचं, म्हणून आम्हा पाच बिनपगारी मार्गदर्शकांना त्यांनी एक कोडं दिलं. कोड्याचं उत्तर हाच कुलपाचा आकडा.

स्पर्धेच्या सकाळी हॉल मुलांनी गच्च भरला. इकडे फळ्यावर पाच जणांची पाच उत्तरं, आणि कुलूप ढिम्म हलेना.

"सर, कोडं तुमचंच ना? मग सोडवा की!"

"परवा सुटलं होतं हो," अध्यक्ष घाम पुसत म्हणाले.

शेवटी त्यांनीच हातोडी मागवली आणि चार घाव घालून कुलूप फोडलं.

 

मग हातोडी बगलेत धरूनच त्यांनी माईक घेतला. "मुलांनो, अडलं म्हणून धसमुसळेपणा करायचा नाही. डोकं शांत ठेवलं की प्रत्येक गणित सुटतं!"