पहिल्या हाकेला

कुळगीच्या रानात ठेकेदाराची मोटार थांबली होती. मागची बत्ती लागत नव्हती आणि घाट उतरेपर्यंत अंधार पडणार होता. भिकाजी मिस्त्रीने बॅटरीची तार घासूनपुसून आवळली. उघड्या बॉनेटामुळे मागचं काही दिसत नव्हतं, म्हणून त्याने ड्रायव्हरला हाक मारली, "गुणा, लागली काय रे बत्ती?"

"न्हाई," मागून लगेच ओ आली.

त्याने दुसरी तार जोडली. "आता?"

"लागली. घर कुठं तुमचं, मिस्त्री?"

"रामनगरात, देवळाच्या मागं," भिकाजी खुशीत हात पुसत म्हणाला.

तेवढ्यात समोरच्या ओढ्यातून पाण्याचा डबा घेऊन गुणा वर आला. भिकाजीच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"हाक ऐकली मी तुमची," गुणा धापा टाकत म्हणाला. "पर रानात आमी तिसऱ्या हाकेबिगर ओ देत न्हाई. पैल्या हाकेला माणूस बोलत न्हाई हितं."

भिकाजीने मोटारीच्या मागे बोट दाखवलं. तिथे नुसती बत्ती जळत होती.

गुणाने डबा खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "घर तर सांगितलं न्हाईसा न्हवं?"