खुणेचा जाळ

“सम्राट मोहिमेवर दूर गेलेला आणि राजधानीला आवार आणि स्लाव या दोन टोळ्यांचा वेढा,” जयप्रकाश लॅपटॉपसमोर रंगात आले होते. “किनाऱ्यावर जाळ दिसला की स्लावांनी होड्या सोडायच्या, अशी खूण ठरलेली. शहरवाल्यांना ती कळली. त्यांनीच जाळ पेटवला. होड्या थेट मरणाच्या तोंडी आल्या.”

साताऱ्यातल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा हा शनिवारचा इतिहासाचा ऑनलाइन वर्ग. एकाने विचारलं, “सर, जाळ खोटा आहे हे कुणालाच कसं कळलं नाही?”

“वाट पाहून माणूस थकतो रे. एखाद्याला कळलंही असेल. पण सगळे निघाले, म्हणून तोही निघाला असेल.”

स्वयंपाकघरात त्यांच्या मुलीचा, अपूर्वाचा हात थबकला.

बाबा फेब्रुवारीत एकटेच अमेरिकेत डीमनला तिच्याकडे आले आणि मार्चमध्ये विमानं बंद झाली. एप्रिलमध्ये साताऱ्यात आई झोपेतच गेली. बाबांची बायपास होऊन वर्षही झालं नव्हतं. विमानं सुरू झाली की बाबांना घेऊन जायचं आणि तिथे सगळ्यांच्या देखत सांगायचं, असं तिने आणि तिच्या भावाने, संजीवने ठरवलं. तोवर आईच्या फोनवरून संजीव मेसेज करत होता. आईचा घसा बसलाय, बोलता येत नाही, ही थापही त्याचीच. अपूर्वा दिवसभर हसरा चेहरा ठेवायची आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. तिला आता अगदी नको झालं होतं.

वर्ग संपला, तोच बाबांचा फोन वाजला.

“तुझी आई विचारतेय, गोळी घेतली का,” ते म्हणाले आणि ‘घेतली’ असं उत्तर टाइप करून आत गेले.

लॉकडाऊनने बाबाही जरा विचित्रच झाले होते. पाठ दुखते म्हणून पलंग सोडून खाली चटईवर झोपत. गोड नको म्हणत. आज सकाळी तर त्यांनी जावयाचं ट्रिमर तिच्या हातात दिलं होतं.

“न्हाव्याची दुकानं कधी उघडतायत कोण जाणे. डोकं पार गुळगुळीत कर.”

“बाबा, आई ओळखणार नाही तुम्हाला.”

“ओळखेल,” ते म्हणाले होते. “आणि आज भात जरा जास्त लाव.”

ती जेवायला बोलवायला गेली, तर खोली रिकामी. बाल्कनीचं दार किलकिलं होतं. बाबा पक्ष्यांना भात घालत असावेत.

कठड्यावर ताटलीत भाताचा गोळा होता, त्यावर काळे तीळ. पलीकडे कावळा बसला होता, पण शिवत नव्हता. बाबांनी हात जोडले होते.

“पोरीत जीव अडकलाय ना तुझा?” ते हळूच म्हणाले. “जा तू निवांत. मला कळलंय, हे तिला कधीच कळू देणार नाही मी.”