खंडेनवमीचं तेल

“लोखंडाला तेल लावा वहिनी, रबराला कोरडं फडकं,” छापखान्यातले केरबामामा दर खंडेनवमीला बजावत. यंदा ते झेंडू आणायला गेले तेवढ्यात, देवाचं करताना हात कसा आखडायचा म्हणून, वत्सलाबाईंनी जुन्या ट्रेडल छपाईयंत्राच्या रबरी रोलरांनाही तेल चोळलं.

रोलर फुगून चिकट झाले. नवे बसवताना मिस्त्री म्हणाला, “तेलानं रबर खाल्लं.”

“एवढी वर्षं काय शिकलात? उद्यापासून घरीच बसा,” वत्सलाबाईंचे यजमान मामांवर कडाडले. मामांनी एकदा वहिनींकडे पाहिलं. त्या गप्प राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वत्सलाबाईंच्या हातातली जपाची माळ सरकेना. “मामांची माफी मागितल्याशिवाय पाणी घेणार नाही,” त्यांनी देवाला शब्द दिला. मग यजमानांना म्हणाल्या, “तेल मी चोळलं होतं.”

“मग काल तोंड शिवलं होतं का?”

 मान खाली घालून वत्सलाबाईंनी मामांच्या घराची वाट धरली.