अठ्ठावन सालचा कागद

“हा कागद अठ्ठावन सालचा?” न्यायाधीश शांतवन भिंगारदिव्यांनी विचारलं.

“हां साहेब. माझ्या डोळ्यांसमोर लिवला,” साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून जयराम म्हणाला.

साल दोन हजार चार, कोर्ट मुरबाडचं, आणि भांडण नेहमीचंच, घरातलं. जयरामचा थोरला भाऊ नामा दोन वर्षांपूर्वी वारला. ओढ्याकाठचं त्याचं भाताचं खाचर त्याच्यामागे बायको गुणाबाई कसत होती. सातबाऱ्यावर मात्र नामाचं नाव कधी लागलंच नव्हतं. तिथे नावं होती जयरामची आणि त्याच्या दोन मुलांची, अनिल आणि संदेशची. त्यांच्या गावाकडे, धसईच्या बाजूला, मुंबईचे लोक फार्महाऊससाठी जमिनी बघत हिंडू लागले, तशी मुलांना चुलती डोळ्यांत खुपायला लागली. बापलेकांनी मिळून दावा लावला. जुन्या वाटणीत खाचर आमच्याच वाट्याला आलं, बाईला बाहेर काढा. पुरावा म्हणून जयरामने वडिलांच्या हातचा म्हणून हा वाटणीचा कागद आणला होता. दावा मंजूर झाला असता तर गुणाबाईला साठी उलटल्यावर दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जावं लागलं असतं.

भिंगारदिवेसाहेब मूळचे नगरकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. सकाळी प्रार्थना, दिवसा कोर्ट, संध्याकाळी इतिहास, असा त्यांचा नेम. मोडी कागद ते वर्तमानपत्रासारखे वाचत. शिवाय कविता करत. मोठा निकाल दिला की त्यावर दोन ओळी वहीत उतरवायच्याच. शहापूरला असताना अशी एक अख्खी वही भरली होती. माणूस हासुद्धा देवाने लिहिलेला कागदच, असं ते म्हणत. तो आपल्याला वाचता येतो याबद्दल त्यांना तिळभरही शंका नव्हती, आणि खरं सांगायचं तर बाकीच्यांनाही नव्हती.

त्यांनी कागद उजेडात धरला.

“यात ‘महाराष्ट्र राज्य’ असं लिहिलंय.”

“असल, साहेब.”

“महाराष्ट्र साठ साली झाला. तुमचे वडील भविष्य सांगायचे का?”

कोर्ट हसलं. मागच्या बाकावर अनिलने कपाळाला हात लावला. जयरामने डोक्यावरची टोपी काढून मान पुसली.

“मंग खोटा असल कागद,” तो म्हणाला.

त्याचे वकील घाईघाईने उठले. साहेबांनी त्यांना हातानेच खाली बसवलं. एकदा पितळ उघडं पडायला लागलं की मध्ये कोणाला बोलू द्यायचं नसतं, हे ते जाणून होते.

“खऱ्या वाटणीत नामाला काय मिळालं?”

जयराम टोपीची घडी घालू लागला.

“बोला. देवाची शपथ घेतलीय तुम्ही.”

“वड्याकाठचं खाचर.”

“म्हणजे हेच?”

“हेच, साहेब.”

“बाबा, काय बोलता तुमी?” संदेश मागून ओरडला. शिपायाने त्याला गप्प केलं. साहेबांनी उत्तराचा शब्दन् शब्द टाईप करून घेतला आणि खाली जयरामची सही घेतली.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. दावा फेटाळला, खाचर गुणाबाईचं ठरलं. ती पदर तोंडाला लावून रडली आणि दिराकडे न बघता निघून गेली. खोट्या कागदासाठी जयरामला तुरुंग दाखवता आला असता. साहेबांनी त्याचं वय बघून ते टाळलं, पण भरल्या कोर्टात त्याला ऐकवलं, “तुमच्यासारखा भाऊ वैऱ्यालाही मिळू नये.”

जयरामने हात जोडले. रात्री साहेबांनी वहीत लिहिलं :

भावाच्या चितेची राख नाही निवली,
तोच याने बांधाला कुदळ लावली.

ओळी त्यांना फार आवडल्या. पुढे कितीतरी रविवार त्यांनी प्रार्थनेत जयरामचं नाव घेतलं. या लोभी माणसाला पश्चात्तापाची बुद्धी दे, असं ते मनापासून मागत. त्यांना त्याची खरोखरच कीव येत होती.

मे महिन्यात बदलीचा हुकूम आला. जाण्याआधी धसईच्या बाजारातून तांदूळ घ्यावा म्हणून साहेब साध्या कपड्यांत गेले, तर भेंडीच्या टोपलीमागे जयराम बसलेला. साहेब थांबले.

“बरं आहे ना?”

“हाय तसाच, साहेब. पोरं बोलत नाय माझ्याशी. जेवान पन येगळं वाढतात.”

“आणि वहिनी?”

“वयनी तोंड बगत नाय. गावात समदे चोर म्हनतात मला.”

बोलण्यात तक्रार नव्हती. आपली प्रार्थना लागू पडली म्हणायची, असं साहेबांना वाटलं आणि बरं वाटलं. त्यांनी अर्धा किलो भेंडी मागितली.

“चूक कबूल केली की माणूस हलका होतो, जयराम,” ते मायेने म्हणाले. “पण अपील आलं नाही तुमचं. मुदत तर कधीच संपली.”

“पोरं गेलती कल्यानच्या वकिलाकडं. त्यानं माझी जबानी वाचली नि कागद परत दिलं. म्हनला, बापानंच कबूल केल्यावर वरचं कोर्ट तरी काय करल?”

“आणि तुम्हाला स्वतःला नाही वाटलं, अपील करावं?”

जयरामने भेंडी तोलली, पिशवीत ओतली, वर मूठभर टाकली. मग इकडेतिकडे बघून त्याने आवाज खाली आणला.

“मरताना नामाला शब्द दिलता, साहेब, का खाचर वयनीकडंच राहील. पोरं मला तिच्या नावावर करू देत नव्हती.”

“म्हणजे तो कागद...” साहेबांनी पिशवी खाली ठेवली.

“जिंकल्यावर कोन अपील करतो?” जयराम म्हणाला.