उंबऱ्यावरच्या आजी

सकाळी साडेदहाला तेजस्वी बुवापाड्यात हरिचंद्रच्या घरी पोचली. उंबऱ्यावर कोणी नव्हतं.

गेल्या वर्षी तिने याच घरात लघुपट केला होता. दोन दिवसांचं शूटिंग. त्यात उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडणाऱ्या आजी एक शब्द बोलत नव्हत्या, तरी महोत्सवात सगळ्यांनी त्यांच्याबद्दलच विचारलं. आता मुंबईचा एक निर्माता पूर्ण लांबीच्या चित्रपटाला तयार झाला होता. अट एकच, चेहरा तोच हवा. संध्याकाळी आजींना घेऊन त्याच्या ऑफिसात जायचं होतं. नाहीतर तो पैसे दुसऱ्या कुणाच्या चित्रपटात घालणार होता.

हरिचंद्र रात्रपाळी करून नुकताच आला होता. त्याच्या बायकोने, मायाने, चहा टाकला. तिच्या अंगावर तेजस्वीने शूटिंगला आजींसाठी दिलेली साडी होती. सासूची साडी सून नेसतेच, तेजस्वीला वाटलं.

"ताई, घर काय मोठं दाखवलंत," माया म्हणाली. "नणंद विचारते, भिंत पाडली काय?"

"पाडली असती तर हप्ते कोण भरणार?" हरिचंद्र म्हणाला.

तेजस्वी हसली. "आणि आजी?"

"त्यांचं काम एक नंबर," हरिचंद्र म्हणाला. "मोठ्या पिक्चरला पण त्याच ना?"

"त्याच. म्हणून तर आले."

"मग थांबू या की. बसा."

ती बसली. पोहे झाले. माया दोनदा दारात जाऊन गल्लीच्या तोंडाकडे बघून आली. निर्मात्याचा फोन येऊन गेला. "निघतोच आहोत," तेजस्वी म्हणाली.

साडेअकरा झाले.

"त्यांना उशीर झाला का हो?" हरिचंद्रने विचारलं.

तेजस्वी गोंधळली. "मला कसं माहीत असणार? दादा, आईंना फोन लावा ना."

"कोणाच्या आईला?"

"तुमच्या."

"माझी आई वांगणीला असते, भावाकडे. गुडघ्यांमुळे दोन वर्षं इकडे आलेली नाही. तिचं काय काम?"

"मग उंबऱ्यावर बसलेल्या त्या?"

हरिचंद्रने बायकोकडे पाहिलं. मायाने गॅस बंद केला.

"शूटिंग संपलं त्या रात्री त्या इथेच झोपल्या होत्या, ताई," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, तुमच्याबरोबर आलेल्या, गाडी चुकली असेल."