झावळ्यांच्या रविवारचा खेळ

"प्रार्थना चालू असताना आर्यननं शेंगदाणे खाल्ले. त्याले आता छड्या!" सत्यवती टीचर फूटपट्टी नाचवत म्हणाल्या. "पण त्याच्या जागी दुसऱ्या कोणी मार खाल्ला, तर आर्यन सुटला. बोला, कोण येते?"

आर्यन खोटंखोटं रडला. सगळी मंडळी हसली. बेसा रोडवरच्या या लहानशा चर्चमध्ये ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी संडे स्कूलचा हा खेळ ठरलेलाच. पोरं एकमेकांना ढकलतात, पण उठत कोणीच नाही, आणि टीचरला नेमकं तेच हवं असतं! मग त्या म्हणतात, "पाह्यलं? कोणीच येत नाही. आपली शिक्षा घ्यायला एकटा येशू आला."

यंदा सोनिका उठली. दुसरीतली पोरगी. पुढे आली, टीचरकडे पाठ करून उभी राहिली आणि वेणी खांद्यावरून पुढे घेतली.

"अवं, हात दे नं वं. पाठ कायले?" टीचरना हसू आवरेना.

"पप्पा पाठीवरच मारते," सोनिका म्हणाली. "ते मम्मीले मारून राहिले का मी मधात जाऊन अशी उभी राहतो. मग मम्मी सुटते."

अरे देवा! हे काय ऐकलं! टीचरच्या हातातली फूटपट्टी खाली पडली, ती उचलायचंही त्यांना सुचेना. सोनिकाचे वडील, प्रीतमभाऊ, पहिल्याच बाकावर बसलेले. मंडळीचे पंच, चर्चचा कारभार पाहणारे. कोणी आजारी पडलं की प्रार्थनेला यांनाच बोलावणं जायचं. साऱ्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"लेकरू हाय, काहीबी बोलते," प्रीतमभाऊ हसले. मग उठून बायकांच्या बाकांकडे गेले आणि आपल्या बायकोसमोर, प्रेमलतासमोर, थांबले. आवाज अगदी शांत. "घरी चाल. तूच शिकवलं नं हे तिले?"

प्रेमलता उभी राहिली. शेजारच्या बाईनं तिचा हात धरला, पण प्रीतमभाऊंनी नुसतं पाहिलं तसा सोडूनही दिला.

सोनिका धावत आली. नवराबायकोच्या मधे शिरून, आईला पाठीशी घालून, दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"मम्मीनं नाही शिकवलं, पप्पा. मीच बोलली. मले मारा."